अक्का, तुमच्या हिशेबाच्या वहीबद्दल आभार

आदरणीय अक्का,
सा. न. वि. वि.

बँकेतून निवृत्त झाल्यावर तुम्ही खानापूर भागातल्या आमच्या बचत गटांना हिशेब शिकवलात, त्याबद्दल मनापासून आभार. पत्र उघड लिहितोय, म्हणजे बाकीच्या गटांनाही हिशेबाची ही पद्धत वापरता येईल.

तुमच्या वहीत पैशाचा रकाना शेवटी येतो. आधी वेळ, आणि तोही नुसते तास नाहीत, दिवसातला कुठला वेळ ते. मग अंगमेहनत कोणाची. त्यानंतर पैसे किती अडकणार आणि सुटणार कधी.

म्हैस घ्यायची की बेळगावात कामाला जायचं, हा आमच्याकडचा नेहमीचा प्रश्न. कर्नाटक सरकारच्या शक्ती योजनेमुळे जून २०२३ पासून बायकांना सरकारी साध्या बसच्या तिकिटाला पैसे पडत नाहीत, पण खानापूर-बेळगाव जाऊन-येऊन पन्नासेक किलोमीटर काही कमी झाले नाहीत. म्हशीच्या दोन धारांमध्ये साधारण बारा तासांचं अंतर हवं, म्हणजे दिवसाची दोन्ही टोकं बांधलेली. ‘सासूबाई बघतील’ हे उत्तर तुम्ही चालवून घेतलं नाहीत. त्यांचे तास त्यांच्या नावावर मांडायला लावलेत, हे फार बरं केलंत.

म्हैस घेताना दूध किती देते हे सगळेच विचारतात, भाकड किती दिवस राहते हे कोणी विचारत नाही. गाभणकाळ सुमारे १० महिने १० दिवसांचा. व्याल्यावर दोन-तीन महिन्यांत पुन्हा गाभण राहिली, तर दोन वेतांतलं अंतर १२-१३ महिन्यांवर राहतं. पण म्हशीचा माज, म्हणजे गाभण राहण्याजोगी वेळ, मुका; बाहेरून पटकन दिसत नाही. बऱ्याचदा रात्री-पहाटे येतो, उन्हाळ्यात तर कळतही नाही. तो हुकला की पुढचा २१ दिवसांनी, आणि तेवढ्या दिवसांची वैरण-पेंड अंगावर. म्हणून झोपण्याआधी आणि पहाटे गोठ्यात चक्कर मारायची. काचेसारखा चिकट सोट (स्राव), थोडं थोडं मुतणं, दूध चोरणं यावर नजर ठेवायची. सकाळी माज दिसला तर संध्याकाळी भरवायची, संध्याकाळी दिसला तर दुसऱ्या दिवशी सकाळी. ही चक्कर मारायला घरात कोणी नसेल तर म्हैस घेऊ नका, असं तुम्ही तोंडावर सांगितलंत. गोठ्यांची कर्जं तपासण्यात नोकरी गेलेल्या माणसालाच हे सुचणार!

कर्जाचे कन्नड कागद तुम्ही ओळ न् ओळ मराठीत समजावलेत. ‘महिन्याला शेकडा १ रुपया’ ऐकायला स्वस्त वाटतं. ५०,००० रुपये बारा महिन्यांसाठी घेतले तर व्याज ६,०००, हप्ता ४,६६७. पण मुद्दल दर महिन्याला फिटत जातं आणि व्याज मात्र शेवटपर्यंत पूर्ण ५०,००० वरच. त्यामुळे खरा दर वर्षाला साडेएकवीस टक्क्यांच्या घरात जातो. दर सांगितला की ‘शिल्लक मुद्दलावर की पूर्ण रकमेवर?’ एवढं विचारायचं.

ठेवींचंही तसंच. बेळगावात सौहार्द सोसायट्यांना (म्हणजे सहकारी पतसंस्थांना) तोटा नाही, आणि बोर्ड बघून बँक कुठली, सोसायटी कुठली हे कळत नाही. बँकेतल्या ठेवीला, सहकारी बँक धरून, २०२० पासून मुद्दल-व्याज मिळून ५ लाखांपर्यंत विमा आहे. एकाच बँकेच्या दोन शाखांत ठेवलं तरी मर्यादा तीच. सौहार्द सोसायटीतल्या ठेवीला हा विमा लागू नाही. थोड्या जादा व्याजासाठी मुलीच्या लग्नाचे पैसे तिथे ठेवायचे का, हे आता ज्याचं त्याने ठरवावं.

गृहलक्ष्मी योजनेत घरातल्या कर्त्या बाईला सरकारकडून महिन्याला मिळणाऱ्या २,००० रुपयांवर आमच्यात वाद होता. ते मागेपुढे होतात, म्हणून कुठल्याही हप्त्याला जोडायचे नाहीत, हा तुमचा निकाल आम्हाला पटला. पोस्टाच्या आरडीत हप्ता चुकला की शंभराला १ रुपया दंड, आणि चार चुकले की खातं बंद पडतं. त्यामुळे आरडीचा आकडा स्वतःच्या कमाईतून झेपेल तेवढाच धरायचा.

सोबत एका नव्या कर्जाच्या कागदाची झेरॉक्स जोडली आहे. तिसऱ्या पानावर दंडव्याजाचं काहीतरी बारीक अक्षरात आहे, सही करण्याआधी तेवढं बघून कळवा.

आपल्या,
खानापूर तालुक्यातल्या बचत गटांच्या महिला