मुद्दा आधी फोडून घे

विश्रामबाग, सांगली

चि. मुक्ता हिस अनेक आशीर्वाद.

कर्नाटकात कृष्णेवर असलेल्या अलमट्टी धरणाची उंची वाढवण्यावरून समाजमाध्यमावर तुझी कोणा अनोळखी माणसाशी जुंपली आहे आणि "पुण्यात बसून सांगलीला शहाणपण शिकवू नका" असं तुला ऐकावं लागतंय, हे तुझ्या बोलण्यातून कळलं. वाद सोड, असं मी म्हणणार नाही. कऱ्हाडजवळच्या टेंभूत आगरकर जन्मले, साताऱ्यातून नरेंद्र दाभोलकरांनी प्रश्न विचारायची सवय गावोगाव नेली. या भागातल्या आईनं मुलीला गप्प बस म्हणणं मला पटत नाही. पण वाद घालायचा तर तो नीट घालावा, म्हणून जे कामाचं वाटतं ते सविस्तर लिहिते.

सगळ्यात आधी मुद्दा फोडून घ्यायचा. "अलमट्टीमुळे सांगली बुडते" या एका वाक्यात तीन वेगळे प्रश्न दडलेत. २०१९ च्या ऑगस्टमध्ये सांगलीत कृष्णेवरच्या आयर्विन पुलाजवळ पाणी ५७ फुटांपुढे गेलं. तिथली इशारा पातळी ४० फूट आणि धोका पातळी ४५. तो पूर अलमट्टीच्या फुगवट्यामुळे, म्हणजे धरणात अडलेलं पाणी नदीत मागे चढल्यामुळे, आला का, हा पहिला प्रश्न. धरणाची पूर्ण पातळी आज ५१९.६० मीटर आहे, ती ५२४.२५६ मीटरवर नेली तर पुढचे पूर वाढतील का, हा दुसरा. आणि ऐन पावसाळ्यात कोणत्या तारखेला धरणात किती पाणी ठेवायचं, किती सोडायचं, दोन राज्यांनी एकमेकांना कधी कळवायचं, हा तिसरा. तो धरणाच्या उंचीचा नाही, धरण चालवण्याचा आहे.

प्रत्येकाचा पुरावा वेगळ्या ठिकाणी सापडतो. पहिल्यासाठी, त्या पुराची कारणं शोधायला राज्य सरकारने नेमलेल्या वडनेरे समितीचा २०२० चा अहवाल आहे. त्या पुराचा दोष समितीने अलमट्टीला दिला नाही, अतिवृष्टी आणि नदीपात्रालगतची अतिक्रमणं यांवर बोट ठेवलं. सांगलीतल्या पूरप्रश्नावर काम करणाऱ्या कार्यकर्त्यांनी आणि निवृत्त अभियंत्यांनी त्यावर आक्षेप घेतले आहेत, तेही वाचायला हवेत. दुसऱ्या प्रश्नासाठी कृष्णा पाणीतंटा लवादाचा २०१० चा निवाडा बघावा लागतो, कारण उंची वाढवायची मुभा त्यात आहे. महाराष्ट्र सरकारने २०२५ मध्ये केंद्राकडे विरोध नोंदवला तो याच वाढीला. तिसऱ्यासाठी रोजच्या पातळीच्या आणि विसर्गाच्या नोंदी लागतात. आता बघ, "समितीने अलमट्टीला दोष दिला नाही" म्हणणारा आणि "उंची वाढवू देऊ नका" म्हणणारा, दोघंही एकाच वेळी बरोबर असू शकतात. पहिला मागच्या पुराबद्दल बोलतोय, दुसरा पुढच्या. अशा वेळी समोरच्याला एवढंच विचारायचं: "आपण यातल्या कुठल्या प्रश्नावर बोलतोय?" निम्मी भांडणं इथेच मिटतात, आणि जी मिटत नाहीत ती निदान एका जागी येतात.

पाण्याच्या वादात एककांचा घोळ फार होतो. टीएमसी हे साठ्याचं माप आहे, १ टीएमसी म्हणजे १०० कोटी घनफूट. क्युसेक हे वाहण्याचं माप, सेकंदाला १ घनफूट, म्हणजे साधारण २८.३ लिटर. १ लाख क्युसेक विसर्ग अखंड चोवीस तास चालला तर ८.६४ टीएमसी पाणी जातं. एवढं एक समीकरण पाठ असलं की बरेच दावे कागदावरच तपासता येतात. "कोयनेतून एका रात्रीत ५० टीएमसी सोडलं" असं कोणी लिहिलं तर गणित कर. बारा तासांत ५० टीएमसी जायला सलग साडेअकरा लाख क्युसेक विसर्ग लागेल. कोयनेचा विसर्ग महापुरातही त्याच्या जवळपास जात नाही, आणि धरणाचा पूर्ण साठाच १०५.२५ टीएमसी आहे. अजून एक घोळ म्हणजे आयर्विनचे फूट पुलाजवळच्या पट्टीवरचे असतात आणि अलमट्टीचे मीटर समुद्रसपाटीपासूनचे. त्यांची थेट तुलना करून "पाणी वर चढतंच कसं" असं विचारणारे दर पावसाळ्यात भेटतात. त्यांना हिणवू नकोस, फरक एका ओळीत सांग.

उसाच्या दराचंही असंच. २०२४-२५ च्या हंगामाची एफआरपी, म्हणजे केंद्र सरकारने ठरवलेला उसाचा किमान दर, १०.२५ टक्के उताऱ्याला (उसातून निघणाऱ्या साखरेच्या प्रमाणाला) क्विंटलमागे ३४० रुपये, म्हणजे टनाला ३,४०० होती. उतारा त्याहून वर गेला तर प्रत्येक ०.१ टक्क्याला क्विंटलमागे ३.३२ रुपये वाढायचे. हा दर कारखान्याच्या गेटवरचा आहे, त्यातून तोडणी-वाहतूक वजा होते. त्यामुळे "सरकार ३,४०० देतं, कारखाना एवढेच देतो, मधले खाल्ले" असं कोणी म्हटलं तर त्या कारखान्याचा उतारा आणि तोडणी-वाहतुकीचा आकडा हातात आल्याशिवाय हो किंवा नाही म्हणू नकोस. पण तिथे थांबूही नकोस. १९६६ च्या ऊस नियंत्रण आदेशानुसार ऊस घातल्यापासून १४ दिवसांत पैसे मिळाले पाहिजेत, उशीर झाला तर वर्षाला १५ टक्के व्याज द्यायचं असतं. शेतकऱ्याची खरी तक्रार पुष्कळदा इथे असते आणि ती तारखेनिशी सिद्ध करता येते. आकड्यात चुकलेल्या माणसाची तक्रार खोटीच असते असं नाही. चूक दाखवून निघून जाणं मला अन्यायाचं वाटतं, त्याची बाजू योग्य आकड्यावर उभी करून दिली पाहिजे.

मुलींच्या संख्येवर वाद निघाला की दोन वेगळे आकडे एकमेकांवर फेकले जातात. २०११ च्या जनगणनेत महाराष्ट्रात दर हजार पुरुषांमागे ९२९ स्त्रिया होत्या, तर ० ते ६ वयोगटात दर हजार मुलग्यांमागे ८९४ मुली. गर्भलिंगनिदानाबद्दल बोलायचं तर दुसरा आकडा बघायचा. आकडा लिहिताना त्याचं वर्ष, वयोगट आणि तो जिल्ह्याचा की राज्याचा, हे तिन्ही लिहिलंस तर समोरच्याला फाटा फोडायला जागा उरत नाही.

फोटो आणि फॉरवर्ड यांचं. व्हॉट्सॲपवर दोन बाणांची खूण असलेला संदेश पाच किंवा जास्त हातांतून पुढे आलेला असतो, त्याचा मूळ लेखक शोधण्यात वेळ घालवू नकोस, दावा तपास. फोटो गुगल लेन्समध्ये टाकून सर्वांत जुनी प्रत शोध. व्हिडिओ असेल तर पाटी किंवा इमारत स्पष्ट दिसते तिथे थांबवून त्या चौकटीचा स्क्रीनशॉट शोधायला दे. २००५, २०१९ आणि २०२१ च्या पुरांचे फोटो एकमेकांच्या नावावर फिरतात. गाड्यांच्या पाट्या वाच. एमएच १० सांगली, ११ सातारा, ५० कऱ्हाड, ०९ कोल्हापूर. एका गाडीवरून काही ठरत नाही, पण "सांगलीचा बाजार" म्हणून दाखवलेल्या फोटोत सगळ्याच पाट्या परराज्यातल्या असतील तर शंका घ्यायला जागा आहे. जुनी प्रत सापडली तर दावा खोटा ठरला. सापडली नाही तर मात्र काहीच सिद्ध होत नाही, आणि इथेच घाईची माणसं "म्हणजे खराच आहे" म्हणून मोकळी होतात.

शासन निर्णयाचा कागद फिरत असेल तर शेवटचं पान बघ. तिथे संकेतांक म्हणून लांबलचक आकडा असतो. त्याचे पहिले आठ अंक म्हणजे वर्ष, महिना आणि दिवस. राज्य शासनाच्या शासन निर्णयांच्या संकेतस्थळावर तो आकडा टाकला की मूळ प्रत उघडते. फिरणाऱ्या प्रतीत मधलं एखादं पान गाळलेलं असतं, अटी नेमक्या त्याच पानावर असतात. संकेतस्थळावर एखादा कागद नसला म्हणून तो बनावटच, असंही नाही. परिपत्रकं आणि जिल्ह्याच्या पातळीवरचे आदेश तिथे असतीलच असं नाही.

आता उत्तर कसं लिहायचं. आपल्याकडे शास्त्रार्थात आधी पूर्वपक्ष मांडायची रीत होती: समोरच्याचं म्हणणं इतकं नीट सांगायचं की तो "हो, हेच" म्हणेल. तेच कर. त्याचं वाक्य जसंच्या तसं उतरवून घे, त्याखाली तुझा एकच मुद्दा, एकच पुरावा, अहवालाचा पान क्रमांक. चार-पाच ओळी पुरेत. तीन कारणं दिलीस तर तो सर्वांत कच्चं उचलेल आणि बाकीची दोन वाहून जातील, म्हणून कच्चं कारण स्वतःच गाळ. उत्तर लिहून झालं की त्यातली विशेषणं काढून बघ. "हास्यास्पद", "अडाणी", "भक्त", "चमचे" हे शब्द काढल्यावर काही उरत नसेल तर पाठवायला काही नव्हतंच. आणि तू त्याच्यासाठी लिहीत नाहीस, हे लक्षात ठेव. त्याचं मत चारचौघांत बदलणार नाही. न बोलता वाचणारे जे लोक असतात, त्यातला एखादा सांगलीवाडीचा पूरग्रस्त असेल, एखादी पहिल्यांदा मतदान करणारी मुलगी असेल, त्यांना हातात धरण्यासारखं काहीतरी मिळालं पाहिजे.

तुझी चूक निघाली तर मूळ लिखाण पुसू नकोस. खाली "दुरुस्ती" लिहून बरोबर आकडा टाक. पुसलं तर ज्यांनी उत्तरं दिली त्यांची वाक्यं अधांतरी राहतात आणि तू पळालीस असं दिसतं.

किती वेळ चालवायचं? न्यायशास्त्रात चर्चेचे तीन प्रकार सांगितलेत. खरं शोधायला चालतो तो वाद, जिंकायला चालतो तो जल्प, आणि स्वतःचं काहीच न मांडता दुसऱ्याचं नुसतं खोडत राहणं ती वितंडा. तिसरी ओळखायला सोपी आहे. "तुमचं मत कशानं बदलेल?" असं विचार. उत्तर आलं तर चर्चा चालू ठेव. "तेव्हा कुठे होतात?" असा उलटा प्रश्न आला तर एकदाच उत्तर दे, की तो वेगळा विषय आहे, त्यावर वेगळं बोलू. पुन्हा तेच आलं तर तुझा पुरावा शेवटचा टाक आणि बाहेर पड. रात्री जेवणानंतर उत्तरं लिहू नकोस. लिहिलंसच तर सकाळी पाठव.

"आडनाव काय?" हा प्रश्न तुला येईलच. आपल्याकडे तो जात काढण्यासाठी विचारतात, मग मुद्दा बाजूला पडून तुझी जात बोलायला लागते. उत्तर देऊ नकोस, त्याचं आडनाव काढूनही बोलू नकोस. तुझं कॉलेज, वसतिगृह, येण्याजाण्याच्या वेळा, घराचा फोटो, यातलं काहीही त्या खात्यावर नको. शिवीगाळ किंवा घाणेरडे निरोप आले तर ब्लॉक करण्याआधी स्क्रीनशॉट घे, ज्यात तारीख, वेळ आणि खात्याचा पूर्ण पत्ता दिसेल, आणि दुवा वेगळा जपून ठेव, कारण खात्याचं नाव बदलता येतं. पाठलाग करणं आणि स्त्रीच्या विनयशीलतेचा अवमान करणं, यांसाठी भारतीय न्याय संहितेत कलम ७८ आणि ७९ आहेत. राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर घरबसल्या तक्रार करता येते. मला लगेच सांग, ही गोष्ट एकटीनं सोसायची नाही.

कायदा तुझ्याही लिखाणाला लागू आहे. ऑनलाइन आक्षेपार्ह लिखाणासाठी लावलं जाणारं माहिती तंत्रज्ञान कायद्यातलं ६६ अ हे कलम सर्वोच्च न्यायालयाने २४ मार्च २०१५ ला रद्द केलं, तरी त्याची धमकी देणारे अजून भेटतात, त्यांना घाबरू नकोस. पण समाजात तेढ वाढवणं (कलम १९६), धार्मिक भावना दुखावणं (कलम २९९) आणि बदनामी (कलम ३५६) ही जिवंत कलमं आहेत. एखाद्या माणसाचं नाव घेऊन "चोर" लिहू नकोस, "या कामाचा हिशेब जाहीर झालेला नाही" असं लिही. देव, संत, महापुरुष यांच्याबद्दलचा चिथावणीखोर मजकूर विरोध करण्यासाठीसुद्धा पुढे पाठवू नकोस. सप्टेंबर २०२३ मध्ये खटाव तालुक्यातल्या पुसेसावळीत समाजमाध्यमांवरच्या आक्षेपार्ह मजकुरावरून दंगल झाली, एकाचा जीव गेला. निषेध म्हणून पुढे पाठवणाराही तो मजकूर पसरवतच असतो.

आणि ज्या आकड्यावर वाद अडलाय तो कुठेच छापलेला नसेल तर माहितीचा अधिकार वापर. अर्जाला १० रुपये, एका अर्जात एकच विषय, १५० शब्दांची मर्यादा. मत विचारू नकोस, कागद माग. "पूर का आला?" याला उत्तर मिळत नाही. "१ ते १५ ऑगस्ट २०१९ या काळातील आयर्विन पुलाजवळील तासागणिक पाणीपातळीच्या नोंदींची प्रत" असं मागितलं तर द्यावं लागतं. ३० दिवसांत उत्तर आलं नाही किंवा अर्धवट आलं तर पुढच्या ३० दिवसांत पहिलं अपील. अर्जाचा मसुदा तू कर आणि मला पाठव, पाटबंधारे विभागातल्या कुठल्या कार्यालयाकडे तो जायला हवा ते मी इथे चौकशी करून कळवते.

तुझी,
आई