तळी बांधा, पण रिकामी करता येतील अशी

संपादक महोदय,

आमच्या डिचोली तालुक्यात हल्ली जिकडे तिकडे छोटी तळी दिसू लागली आहेत. बंगल्याच्या आवारात कमळाचे तळे, हॉटेलच्या दारात कारंज्याचे, कुळागरात (सुपारी-माडाच्या बागेत) प्लास्टिक अंथरलेले साठवणीचे. पाणी साठवले म्हणजे निसर्गाचे भलेच झाले, असे लोक मनापासून मानतात. आरोग्य खात्याच्या मलेरिया विभागात नोकरी करताना हातात डिपर (अळ्या तपासायला पाणी काढायचा लांब दांड्याचा डाव) घेऊन मी टाक्या, विहिरी, खड्डे तपासत फिरलो आहे. म्हणून या तळ्यांबद्दल लिहिणे मला गरजेचे वाटते.

पणजीत १९८६ पासून मलेरियाची साथ पसरली, ती घाणेरड्या गटारांमुळे नव्हे. बांधकामांवर साठवलेल्या स्वच्छ पाण्यात अ‍ॅनोफिलिस स्टेफेन्सी हा डास वाढत होता. त्यामुळे नितळ पाणी दाखवून कोणी 'आमच्याकडे डास कसले?' असे म्हटले की माझे समाधान होत नाही. गटारातल्या क्युलेक्स डासाची अळी डोके खाली करून तिरकी लटकते. अ‍ॅनोफिलिसची अळी पाण्याच्या पृष्ठभागाला चिकटून आडवी पडलेली असते, वरवर पाहणाऱ्याला ती काडीचा तुकडा वाटते. आपल्या हवेत अंड्यापासून डास तयार व्हायला आठ-दहा दिवस पुरतात. मालक गावी गेले, पंप बंद पडला, कारंजे थांबले, की तेवढ्या मुदतीत त्या शोभेच्या तळ्यातून डास उडू लागतात. वाड्यावरच्या ज्या घरांत ताप येतो, त्यांचा त्या तळ्याशी काही संबंधही नसतो.

दुसरी गोष्ट काठांची. नव्या तळ्यांच्या भिंती सरळ उभ्या असतात, नाहीतर गुळगुळीत प्लास्टिकच्या. बेडूक आत पडला तर वर चढू शकत नाही. काठाला गवत नाही, चिखल नाही, मग चतुरांनी अंडी घालावीत कुठे? चतुराची पिल्ले पाण्यात राहून डासांच्या अळ्या खातात. ती मंडळीच आपण बाहेर ठेवतो आणि नंतर फवारणीसाठी पंचायतीकडे अर्ज करतो.

तळाशी काय घडते, हे तर डोळ्यांना दिसतच नाही. माडाची झावळे, फणसाची पाने, बागेतले खत पावसाबरोबर आत येते. उथळ, कोमट पाण्यात ते कुजते, तळाचा प्राणवायू संपतो आणि मिथेन तयार होतो. काठीने तळ ढवळला की बुडबुडे येतात, त्यात हाच वायू असतो. २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या एका जागतिक अभ्यासानुसार, हजार चौरस मीटरपेक्षा लहान तळी ही तळी-सरोवरांच्या एकूण क्षेत्रफळात नऊ टक्क्यांहूनही कमी भरतात. पण बुडबुड्यांवाटे नव्हे, तर पाण्यात विरघळून मग हवेत जाणाऱ्या मिथेनमध्ये त्यांचा वाटा सुमारे चाळीस टक्के आहे. शंभर वर्षांच्या हिशेबात मिथेन कार्बन डायऑक्साइडच्या पंचवीसपटींहून अधिक उष्णता धरतो. म्हणजे तळे लहान म्हणून त्याचा त्रासही लहान, असे समजायला आधार नाही.

तळी बांधूच नका, असे मी म्हणत नाही. आपल्या जुन्या जाणत्यांनी तळी बांधली, पण पाणी आत घ्यायची आणि बाहेर सोडायची सोय आधी केली. कुडचड्याच्या नंदा तळ्याला २०२२ साली रामसर, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळ जागेचा दर्जा मिळाला, गोव्यातले ते पहिलेच. पावसाळा सरल्यावर तिथे पाणी अडवतात, त्यावर खालच्या बाजूची शेती होते, मासळीही मिळते. ठिकठिकाणच्या तळ्यांतला गाळ उपसून शेतात घालायची रीतही जुनीच. तळ्याला मानस, म्हणजे पाणी अडवायचे-सोडायचे दार असे आणि ते राखणारा माणूस असे. आज तळे बांधणारा कंत्राटदार बिल घेऊन जातो, राखणारा मात्र कोणीच नसतो. सोडून दिलेल्या चिरेखाणींची (जांभ्या दगडाच्या खाणींची) गत याहून वाईट आहे. उभ्या कड्यांच्या त्या खड्ड्यांत पाणी साठते, डास होतात आणि पोहायला उतरलेली मुले बुडतात.

माशांबद्दलही सांगायला हवे. अळ्या खाण्यासाठी लोक गप्पी किंवा गॅम्बुसिया आणून सोडतात. हे दोन्ही मासे परदेशी. जूनमध्ये तळे भरून वाहिले की ते व्हाळात (ओढ्यात) जातात आणि तिथल्या देशी माशांची पिल्ले खातात. कपाळावर पांढरा ठिपका चमकणारा अ‍ॅप्लोचाइलस हा आपल्याकडचाच छोटा मासा हे काम करतो. गोव्यातच नव्वदच्या दशकात त्याचा मलेरियाविरुद्ध यशस्वी वापर झाला आहे.

माझी पंचायतींना विनंती आहे, तळ्याला परवानगी किंवा अनुदान देताना तीन अटी घाला. तळ पूर्ण रिकामा करता येईल असा निचरा हवा, निदान एक काठ उतरता आणि गवताचा हवा, आणि आठवड्याला तळे पाहणाऱ्या माणसाचे नाव अर्जावर हवे. ज्या चिरेखाणी बंद पडल्या आहेत, त्यांची यादी येत्या ग्रामसभेत वाचून दाखवा आणि पावसाआधी त्यांना कुंपण घाला.

– आरोग्य खात्यातील एक निवृत्त कर्मचारी, डिचोली