जुन्या घराची नवी डागडुजी

महोदय,

एनबीसी वाहिनीवर १९७४ ते १९८३ या काळात गाजलेली ‘लिटल हाऊस ऑन द प्रेअरी’ ही अमेरिकी मालिका नव्याने आणण्याची घोषणा नेटफ्लिक्सने २०२५च्या जानेवारीत केली, तेव्हापासून आमच्यासारख्या जुन्या चाहत्यांच्या मनात धाकधूक आहे. मूळ मालिकेच्या आरंभदृश्यात उतारावरून धावत येणारी, इंगल्स कुटुंबातील धाकटी मुलगी कॅरी गवतात अडखळून पडते, आणि तिचे ते पडणे कात्री न लावता तसेच ठेवलेले आहे; आजच्या घोटीव चित्रीकरणात असा सच्चेपणा टिकेल का, ही खरी शंका आहे. लॉरा इंगल्स वाइल्डर यांच्या मूळ पुस्तकांत ओसेज या अमेरिकेतील मूळनिवासी लोकांच्या भूमीवरील वसाहतीकडे एकांगी नजरेने पाहिले गेले, ती बाजू आता नीट मांडली जाणार असेल तर तक्रार नाही, उलट ते आधीच व्हायला हवे होते. मात्र जुन्या मालिकेत थोरली मुलगी मेरीची दृष्टी जाते तो प्रसंग जितक्या संथपणे उलगडला, तितका धीर नव्या निर्मात्यांकडे असावा. मायकेल लँडन यांनी रंगवलेल्या वडिलांची नक्कल तर कोणी करूच नये.

– एक जुना प्रेक्षक