फोटो डेटाबेसमध्ये ‘कधीच’ नको? हे पटलं नाही

मा. संपादक,

तुमच्या टेक्नॉलॉजीच्या पानावर परवा आलं होतं की फोटो, पीडीएफ वगैरे डेटाबेसमध्ये कधीच ठेवू नयेत, सगळं स्लो होतं. या ‘कधीच’साठीच लिहितोय.

मोठी फाईल टेबलात टाकली की ती त्या रोमध्येच (टेबलाच्या ओळीतच) कोंबली जाते असं बऱ्याच जणांना वाटतं, पण तसं नसतं. पोस्टग्रेस या डेटाबेसचं पान (डिस्कवर डेटा ठेवायचा एक ठोकळा) 8 केबीचं, रो साधारण 2 केबीच्या वर गेली की ते मोठा कॉलम आधी कॉम्प्रेस करून बघतं, तरी मावला नाही तर तुकडे करून वेगळ्या टेबलात ठेवतं (याला टोस्ट म्हणतात) आणि मूळ रोमध्ये उरतो फक्त पॉइंटर, म्हणजे ते कुठे ठेवलंय त्याचा पत्ता. नुसती नावं आणि तारखा मागितल्या तर फोटोला हातच लागत नाही. सगळीकडे सिलेक्ट स्टार (म्हणजे ‘सगळे कॉलम द्या’) लिहायचं आणि मग डेटाबेसला नावं ठेवायची, हे बरोबर नाही ना! मायएसक्यूएल या दुसऱ्या डेटाबेसचं इनोडीबी (डेटा साठवणारा त्याचा भाग) पण मोठा ब्लॉब (फोटोसारखी फाईल ठेवायचा कॉलम) वेगळ्या पानांवर नेतं, फक्त तिथे टाइप बघून निवडा, साधा ब्लॉब 65,535 बाइटलाच संपतो.

आता लेखात सुचवलेला उपाय, फाईल फोल्डरमध्ये आणि टेबलात फक्त पाथ, म्हणजे फाईलचा पत्ता. यात ट्रान्झॅक्शन (एकत्र केलेले बदल) रोलबॅक झालं, म्हणजे मागे घेतलं गेलं, तर रो परत येते पण डिलीट झालेली फाईल येत नाही, आणि दोन्हीचे बॅकअप वेगवेगळ्या वेळचे असले की रिस्टोअर केल्यावर पाथ आहे, फाईल नाही. सहीचा स्कॅन, रिपोर्ट असल्या गोष्टी रेकॉर्डसोबतच राहिल्या पाहिजेत असं माझं ठाम मत आहे.

व्हिडिओ डेटाबेसमध्ये नको हे मात्र लेखकाचं बरोबर, बॅकअप फुगतो, रेप्लिकेशनवर (दुसऱ्या सर्व्हरवर प्रत ठेवण्यावर) लोड येतो. मायक्रोसॉफ्टच्या संशोधकांनी 2006 मध्ये एसक्यूएल सर्व्हर हा त्यांचा डेटाबेस आणि एनटीएफएस ही विंडोजची फाईल सिस्टिम यांवर हेच तपासलं होतं, 256 केबीच्या आत डेटाबेस सरस, 1 एमबीच्या वर फाईल सिस्टिम. आजच्या डिस्कवर आकडे हलतील, पण ‘कधीच’ असं तेव्हाही निघालं नव्हतं. एसक्यूएल सर्व्हर 2008 मध्ये तर फाईलस्ट्रीम आलं, फाईल डिस्कवर आणि ताबा ट्रान्झॅक्शनचा.

अजून एक, पोस्टग्रेसचं लार्ज ऑब्जेक्ट (मोठी फाईल ठेवायची त्याची दुसरी सोय) वापरलं तर रोमध्ये फक्त त्याचा नंबर असतो, रो डिलीट केली तरी ऑब्जेक्ट तसंच पडून राहतं, ते वेगळं काढावं लागतं नाहीतर जागा भरत जाते. नवीन मुलं तुमचं पान वाचून शिकतात, त्यांच्यासाठी हेही छापा.

– एक नियमित वाचक