तळं उजव्या हाताला ठेवून

प्रिय मित्रा,

तुझं पत्र पोचलं. दोनदा वाचलं. गुडघ्याचं दुखणं, डॉक्टरांनी चढउतार बंद करायला सांगणं, हे सगळं समजलं. पण शेवटी "आता आपली भटकंती संपली" असं जे लिहिलंस ना, ते मला अजिबात पटलेलं नाही. त्या एका वाक्याला उत्तर द्यायला बसलोय. पत्र लांबेल, सवडीनं वाच.

गेलं वर्षभर मी दर आठवड्याला गावाबाहेरच्या तळ्यावर जातोय. तळ्याभोवती काय फिरायचं, असं तू म्हणशील. मीही तेच म्हणायचो. आपण दोघं इतकी वर्षं चाललो ते माथा गाठायला. त्या वाटांवर काय काय होतं ते आज विचारलंस तर मला धड सांगता येणार नाही. चढ आठवतो, धाप आठवते आणि वरून दिसलेलं सगळं आठवतं. मधलं सगळं पायांखालून निघून गेलं.

आखणी करताना आपण नेस्मिथचा हिशोब धरायचो, आठवतंय? विल्यम नेस्मिथ या स्कॉटिश गिर्यारोहकानं १८९२ मध्ये मांडलेला: सपाटीवर तीन मैलांना एक तास आणि दर दोन हजार फूट चढाईला वर आणखी एक. त्या हिशोबानं तळ्याची सहा किलोमीटरची फेरी सव्वा तासात व्हायला हवी. मला तीन तास लागतात. पाय दुखतात म्हणून नाही; थांबावंसं वाटतं म्हणून, आणि थांबलं तर कुठला माथा चुकत नाही म्हणून.

मी दक्षिणेच्या काठावरून, गावाच्या बाजूनं निघतो आणि तळं उजव्या हाताला ठेवून पश्चिमेकडे चालू लागतो. पहाटे उगवतं ऊन पाठीवर येतं आणि समोरचं सगळं उजळून दिसतं. उलट्या दिशेनं गेलास तर डोळ्यांवर तिरीप आणि पाण्याची चकाकी, पक्षी नुसते काळे ठिपके दिसतात. त्या वेळी पलीकडच्या काठावरचं बोलणंसुद्धा इकडे स्पष्ट ऐकू येतं. रात्रभराची गार हवा पाण्यावर बसलेली असते, वरची हवा त्यापेक्षा उबदार, त्यामुळे वर निघालेला आवाज वाकून पुन्हा खाली येतो. कपाळावर पांढरा टिळा असलेले काळेभोर चांदवे पाण्यावर पाय आपटत धावतात, तो फटफट आवाज ते दिसायच्या आधी कानावर येतो.

दुसऱ्या बाकाच्या पुढे पाणकणसांचं बेट आहे. मागच्या आठवड्यात तिथं एका पात्यावर, पाण्यापासून वीतभर उंच, मला चतुराची कात दिसली. चतुर म्हणजे आपण लहानपणी शेपटीला दोरा बांधून उडवायचो तोच. (ते आठवलं की आता वाईट वाटतं.) त्याची अळी पाण्याखाली महिनोन् महिने राहते, काही जातींची तर वर्षानुवर्षं. वेळ भरली की ती पातं धरून वर येते, पाठीवर उभी चीर पडते आणि त्यातून पंखवाला चतुर बाहेर पडतो. मागं राहते ती ही कात. मातकट रंगाची, सहाही पाय पात्याला घट्ट धरलेले, डोळ्यांच्या जागी पारदर्शक टोप्या. मी गुडघ्यावर बसून अगदी जवळून पाहिलं, तर पाठीच्या चिरेतून पांढरे, केसासारखे बारीक धागे लोंबत होते. ते त्याच्या श्वासनलिकांचं अस्तर. कात टाकताना ते अस्तरही आतून ओढलं जाऊन बाहेर येतं. मित्रा, मी ते धागे बघत किती वेळ बसलो होतो ते मला सांगता येणार नाही. माथ्यावरून इतके सूर्योदय पाहिले, पण इतकं भारावून जाणं फार थोड्या वेळा झालं असेल.

तळ्याचे दोन काठ सारखे नसतात हेही मला इथंच कळलं. वारा ज्या काठाकडे वाहतो तिथं लाटा आपटतात, माती धुऊन जाते, उरतात ते गोटे. आडोशाच्या काठाला गाळ बसतो, म्हणून पाणकणसं तिथं रुजतात. गोट्यांच्या बाजूला वारा सुटला की पांढरा फेस साठतो. तो पाहिला की साबणाचं पाणी सोडलं असावं असं वाटतं, पण पुष्कळदा तो पानापाचोळ्यातून पाण्यात उतरलेल्या द्रव्यांमुळेच येतो. मीही आधी रागावलो होतो.

तळ्याच्या धक्क्यावर मी एक उद्योग सुरू केलाय. आंजेलो सेक्की नावाच्या इटालियन पाद्री शास्त्रज्ञानं १८६५ मध्ये पाण्याचा स्वच्छपणा मोजायला पांढरी तबकडी दोरीनं पाण्यात सोडली होती. ती दिसेनाशी होते ती खोली मोजायची, बस्स. मी जुनी पांढरी थाळी वापरतो, दोरीला हात-हात अंतरावर गाठी मारल्यात. कधी तीन गाठींपर्यंत थाळी दिसते, जोराच्या पावसानंतर एकीवरच दिसेनाशी होते. तुझ्या हातात वही चांगली राहते. नोंदी तू ठेव.

आता वाटेबद्दल, कारण तुला येताना हे लागेलच. पहिल्या खेपेला फेरी पूर्ण करायची नाही. तळ्याच्या फेरीला मधून सुटका नसते, मध्ये पाणी! अर्ध्यावर गुडघा कुरकुरला तर पुढे गेलं काय, मागं आलं काय, अंतर तेवढंच. एकदा पावसानंतर मी पाऊण वाट चालून गेलो आणि पुढची लाकडी फळ्यांची वाट पाण्याखाली. सगळं अंतर उलटं चालावं लागलं. म्हणून आपण पाणकणसांपर्यंत जाऊ आणि तिथूनच परतू. जेव्हा वाटेल तेव्हा मागं वळता येतं. फळ्या ओल्या असतील तर शेवाळामुळे पाय सटकतो, तिथं छोटी पावलं टाकायची. झाडीत मुळं आडवी आलीत, त्यांच्यावर पाय द्यायचा नाही, ओलांडून टाकायचा. काठ्या दोन घे, एक नको. गुडघ्याला खरा त्रास उतारावर होतो आणि इथं उतार असा नाहीच, पण काठ्या असल्या की थोडा भार हात घेतात.

चिखल आला तर सरळ त्यातून जायचं. हे मी कळकळीनं सांगतोय. बूट वाचवायला जो तो कडेनं जातो आणि दरवर्षी वाट हातभर रुंदावते. काठावरचं गवत तुडवलं गेलं की माती धरून ठेवायला काही उरत नाही आणि काठच पाण्यात ढासळतो. एका ठिकाणी हे माझ्या डोळ्यांदेखत झालंय. तुझ्या कुत्र्यालाही आण, पण उन्हाळ्यात वारा पडला की कधी पाण्यावर रंग सांडल्यासारखा हिरवा तवंग येतो. त्या दिवशी त्याला पाण्यापासून लांब ठेव. त्या शैवालाच्या काही जाती विषारी असतात, कुत्री त्यानं दगावतात.

तळं संपता संपता वाट झाडीत शिरते. झाडांवर निळे पट्टे आहेत. पूर्वी मी त्यांच्याकडे बघतही नसे, हल्ली प्रत्येक पट्ट्याशी मला देनकूर आठवतो. क्लोद-फ्रांस्वा देनकूर, नेपोलियनच्या सैन्यातला जखमी झालेला शिपाई. फ्रान्समध्ये फोंतेनब्लो नावाच्या शहराला लागून मोठं जंगल आहे. त्या जंगलात त्यानं पायवाटा आखल्या, झाडांवर आणि खडकांवर निळ्या खुणा रंगवल्या आणि १८४२ पासून कुणीही, वाटाड्या न घेता, त्या खुणांच्या मागं चालू लागलं. अशा दीडशे किलोमीटरच्या आसपास वाटा त्यानं केल्या. विचार कर, खुणांच्या वाटेवर चालायचा हा प्रघात घालून दिला तो कुठल्या शिखरवीरानं नव्हे. लढाईतून जखमा घेऊन आलेल्या माणसानं, तेही उंच डोंगर नसलेल्या रानात, शहरातल्या साध्या माणसांसाठी. तुझं पत्र आलं तेव्हा मला पहिल्यांदा तोच आठवला.

तर पुढच्या रविवारी ये. मी उजाडायच्या आधी फाटकाशी उभा असेन. वहिनींनाही यायचं असेल तर उत्तमच, बाक आहेत, हवं तिथं बसता येतं. नाही जमलं तर त्यांना माझा नमस्कार सांग.

ती कात मी काढून आणलेली नाही. मध्ये जोराचा वारा सुटला नाही तर अजून तिथंच असेल. दुसऱ्या बाकाच्या पुढे, उजवीकडे, काठाजवळच्या तिसऱ्या-चौथ्या पात्यावर. मी लगेच दाखवणार नाही, आधी तू शोध.

तुझाच,
जुना सोबती