आधी पाणी ओळख, मग भोंग्याकडे वळ

प्रिय अविनाश,

सप्रेम नमस्कार.

तुझं पत्र दोनदा वाचलं. बोटीच्या बिल्जमध्ये, म्हणजे तळातल्या पोकळीत, पाणी कुठून येतं ते सापडत नाही ही एक तक्रार, आणि अलार्म विनाकारण वाजतात ही दुसरी. तू त्या वेगळ्या धरल्या आहेस, मी धरणार नाही. क्रूझरवर ज्याला आपण खोटा अलार्म म्हणतो त्याच्या मुळाशी पुष्कळदा पाणीच असतं: वायरच्या जोडावर ठिबकणारं, फ्लोटला (तरंगून स्विच चालू करणाऱ्या तुकड्याला) पुन्हा पुन्हा उचलणारं, नाहीतर एक्झॉस्टच्या सांध्यातून झिरपणारं. हाय-वॉटर अलार्मची (बिल्जमधलं पाणी फार चढलं की वाजणाऱ्या भोंग्याची) वायर तू काढून ठेवली आहेस असं लिहितोस. ती आधी परत जोड, बाकीचं पत्र मग वाच.

तुझं इंजिन पेट्रोलचं आहे, म्हणून कामाला हात घालण्यापूर्वीची गोष्ट आधी सांगतो. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड, ती बिल्जच्या तळाशी साचून राहते. इंजिनाचं झाकण उघड, ब्लोअर (आतली हवा बाहेर फेकणारा पंखा) निदान चार मिनिटं चालव आणि मग खाली वाकून वास घे. वास आला तर कुठलाही स्विच दाबू नकोस, पंपाचासुद्धा नाही. बिल्जमध्ये लावायचा प्रत्येक विजेचा भाग ठिणगी बाहेर न पडणारा, म्हणजे बोटींसाठीच बनवलेला हवा. मोटारीचा स्वस्त रिले (विजेने चालणारा स्विच) तिथे चालत नाही.

आता पाणी. पहिला प्रश्न ते कुठून येतं हा नाही. ते कुठलं आहे आणि कधी येतं, हे दोन प्रश्न आधी. स्पंजने थोडं पाणी टिपून काचेच्या स्वच्छ बाटलीत घे. जिभेला लावू नकोस, त्यात तेल, कूलंट (इंजिन थंड ठेवणारा द्रव), मैला काहीही असू शकतं. पाण्यातले क्षार मोजणारं खिशातलं मीटर असेल तर उत्तर लगेच मिळतं. समुद्राच्या पाण्यात लिटरमागे साधारण ३५ ग्रॅम क्षार असतात, तिथे मीटर आपली मर्यादाच ओलांडतं. टाकीचं किंवा पावसाचं पाणी त्याच्या जवळपासही येत नाही. हिरवट किंवा गुलाबी चिकट पाणी म्हणजे कूलंट. बोट गोड्या पाण्यात असेल तर मीटरचा उपयोग नाही. तेव्हा पिण्याच्या टाकीत खाण्याचा रंग टाक आणि तो बिल्जमध्ये उतरतो का ते बघ.

मग बिल्ज स्पंजने पूर्ण कोरडी कर. संशयाच्या प्रत्येक जागेखाली टिपकागद पसर, होजच्या सांध्यांवर टाल्कम पावडर भुरभुरव. पावडरीत थेंबाची वाट स्पष्ट उमटते. यानंतर बोट तीन अवस्थांत बघ: नुसती बांधलेली, बांधलेली पण इंजिन चालू, आणि पाण्यात धावताना. या तिन्ही एका दिवशी मिसळू नकोस. गळती कोणत्या अवस्थेत आहे हे कळलं की निम्म्याहून जास्त जागा आपोआप बाद होतात.

बोट नुसती बांधलेली असताना बाहेरचं पाणी येत असेल तर स्टर्नड्राइव्हच्या (इंजिन आत आणि पंख्याचा ड्राइव्ह मागे बाहेर असलेल्या बोटीच्या) बाबतीत पहिला संशय बेलोजवर, म्हणजे घड्यांच्या रबरी बाह्यांवर. इथे एक भेद नीट लक्षात घे. एक्झॉस्टचा बेलोज फाटला तर आवाज वाढतो, पण त्यातून बोटीत पाणी येत नाही. यू-जॉइंटचा (शाफ्टच्या वळणाऱ्या सांध्याचा) बेलोज फाटला तर पाणी आधी गिंबल बेअरिंगमध्ये (शाफ्टला आधार देणाऱ्या बेअरिंगमध्ये) जातं, ते गंजतं, ड्राइव्ह वळवताना घरघर ऐकू येते आणि पुढे पाणी आत शिरतं. तिसरा शिफ्ट केबलचा (गिअर बदलणाऱ्या तारेचा), बोटाएवढा. त्याच्याकडे कुणी बघत नाही, आणि तोच थेट आत गळतो. बोट पाण्याबाहेर काढलीस की ड्राइव्ह पूर्ण वर उचल, म्हणजे घड्या उघडतात. टॉर्च मारून प्रत्येक घडीच्या तळाशी बघ, चीर तिथेच असते. वरून रबर चकचकीत दिसलं तरी त्यावर विसंबू नकोस. पाण्यात असताना ड्राइव्ह वर ठेवल्यावर पाणी जास्त आणि खाली ठेवल्यावर कमी येत असेल, तर बेलोज जवळपास नक्की. वर्षातून एकदा हे तपासायचंच, आणि बदलायचे तर तिन्ही एकदम बदल. ड्राइव्ह उतरवण्याची मेहनत तीच असते.

बेलोज धड असतील तर हलमधून (बोटीच्या कवचातून) जाणाऱ्या फिटिंगांकडे वळ. प्रत्येक सी-कॉक (हलवरचा व्हॉल्व) उघडून बंद करून बघ. वॉटरलाइनच्या (बोट पाण्यात बुडते त्या रेषेच्या) खालच्या होजला, निपलची (होज ज्यावर चढतं त्या नळकांड्याची) लांबी पुरत असेल तर, दोन क्लॅम्प हवेत. क्लॅम्पच्या स्क्रूला लोहचुंबक लावून बघ. पट्टी स्टेनलेस आणि स्क्रू हलक्या स्टीलचा, असे क्लॅम्प पुष्कळ मिळतात आणि गंज नेमका स्क्रूच्या दातांत, न दिसणाऱ्या बाजूला धरतो. बोट बाहेर असताना आणखी एक खात्रीची चाचणी आहे: बिल्जमध्ये रंग कालवलेलं थोडं पाणी ओत आणि बाहेरून कुठे झिरपतं ते बघ. पातळी स्टार्टरच्या आणि वायरिंगच्या बरीच खाली राहू दे. पाणी ज्या वाटेने आत येतं त्याच वाटेने बाहेर पडतं.

इंजिन चालू असतानाच पाणी येत असेल तर ते कूलिंगचं. समुद्राचं पाणी खेचणाऱ्या पंपाच्या अंगावर, दोन सीलच्या मधे, खालच्या बाजूला एक बारीक छिद्र असतं. तिथून पाणी ठिबकलं म्हणजे पाण्याकडचं सील गेलं, तेल आलं म्हणजे इंजिनाकडचं. ते छिद्र कधीही बुजवू नकोस. बुजवलंस तर पाणी बेअरिंगमध्ये आणि मग तेलात जाईल. आयडलवर (सगळ्यात कमी वेगावर) कोरडा दिसणारा सांधा ३००० आरपीएमला फवारा मारतो, म्हणून चाचणी वेग वाढवून कर. सैल बाह्या आणि लोंबती दोरी बेल्टपासून दूर. बोट धावतानाच पाणी येत असेल तर मागचा भाग खाली बसतो हे ध्यानात घे: एरवी वॉटरलाइनच्या वर असलेले ट्रिम टॅबचे (मागच्या हलत्या पट्ट्यांचे) आणि पोहण्याच्या फळीचे बोल्ट तेव्हा पाण्याखाली जातात.

गोड्या पाण्याची गळती शोधणं सोपं आहे. सगळे नळ बंद असताना प्रेशर पंप मधूनच क्षणभर गुरगुरतो का ते ऐक. गुरगुरत असेल तर दाबाच्या बाजूला कुठेतरी गळतंय. रात्री तो पंप बंद ठेव. सकाळी बिल्ज कोरडी असेल तर हलमध्ये शोधत बसायची गरज नाही. फक्त गीझर तापतानाच त्याचा रिलीफ व्हॉल्व ठिबकत असेल तर ते फुगलेल्या पाण्याचं वाट काढणं आहे. त्यावर उपाय छोटी अक्युम्युलेटर (फुगलेलं पाणी सामावणारी) टाकी. व्हॉल्वला बूच मारणं जिवावर बेतू शकतं.

पावसाच्या पाण्यासाठी होजपाइपने चाचणी घे, पण खालून वर. एका जागी पाच-दहा मिनिटं, मग पुढची जागा. वरून सुरुवात केलीस तर पाणी सगळीकडून ओघळतं आणि काहीच कळत नाही. खिडकीखाली दिसणारं पाणी रेलिंगच्या बुडातून आलेलं असू शकतं. फिटिंगच्या कडेने बाहेरून सिलिकॉन फासणं व्यर्थ आहे. ती काढून, भोक साफ करून, ब्यूटिल टेप (चिकट रबरी पट्टी) लावून परत बसव.

आता आकडे, कारण किती घाबरायचं हे त्यावर ठरतं. सेकंदाला एक थेंब म्हणजे दिवसाला चार लिटरांच्या थोडं वर. त्रासदायक, पण बोट बुडवणारं नाही. उलट २५ मिलिमीटरचं एक भोक पाण्याखाली ३० सेंटिमीटरवर उघडं पडलं तर मिनिटाला चाळीस ते सत्तर लिटर पाणी आत येतं. पंपाच्या अंगावर तासाला २००० गॅलन छापलेलं असलं तरी उंची, होजची वळणं आणि कमी व्होल्टेज धरून प्रत्यक्षात निम्म्याच्या आसपास मिळतं, म्हणजे मिनिटाला साठ लिटरच्या घरात. एका होजच्या निसटण्यालाही तो जेमतेम पुरेल. हाय-वॉटर अलार्म म्हणूनच हवा: पंप हरत असल्याचं सांगणारं दुसरं काही बोटीवर नाही.

तुझा पंप रात्रभर थोड्या थोड्या वेळाने दहा सेकंद चालतो आणि तरी बिल्जमधलं पाणी वाढत नाही, हे वाचून मला गळतीपेक्षा होजचा संशय जास्त येतो. २५ मिलिमीटर आतल्या व्यासाच्या तीन मीटर होजमध्ये जवळजवळ दीड लिटर पाणी मावतं. पंप थांबला की ते सगळं मागे येतं. अरुंद, खोल बिल्जमध्ये तेवढ्याने फ्लोट पुन्हा उचलला जातो. पंप पुन्हा चालतो, पाणी पुन्हा मागे येतं आणि सकाळी बॅटरी बसलेली असते. खात्री अशी कर: पंप थांबल्याबरोबर होजमधून मागे आलेलं पाणी स्पंजने टिपून घे. फेरे थांबले तर गळती नाहीच. अशा वेळी लोक होजमध्ये चेक व्हॉल्व (पाणी एकाच दिशेने जाऊ देणारा) बसवतात. बसवू नकोस. केर अडकून तो बंद अवस्थेत चिकटला तर पंप नुसता फिरत राहतो. त्यापेक्षा होज आतून गुळगुळीत आणि शक्य तितकं आखूड कर, आणि तळच्या पाण्यासाठी १२ मिलिमीटर होजचा दुसरा लहान पंप ठेव. त्या होजमधून फार तर तिसरा हिस्सा लिटर परत येतो. मोठा पंप वरच्या पातळीवर राखीव राहू दे. त्याच वेळी बाहेरचं तोंड वॉटरलाइनच्या किती वर आहे ते मोज. फार जवळ असेल तर बोट भरलेली असताना ते पाण्याखाली जातं आणि पंप थांबल्यावर समुद्र सायफनने आत येतो. तोंड वर हलवता येत नसेल तर हवा घेणारा लूप (उंच नेलेलं, हवा आत घेऊन सायफन तोडणारं वळण) लाव.

हाय-वॉटरचा फ्लोट लाटांमध्ये वाजतो, कारण तो पंपाच्या फ्लोटच्या अगदी जवळ आणि बहुधा एका बाजूला बसवलेला आहे. तो मध्यरेषेवर, पंपाच्या फ्लोटपेक्षा पाच ते दहा सेंटिमीटर वर घे. बिजागरी नाळेकडे आणि तरंगणारं टोक मागे असू दे, म्हणजे धावतं पाणी त्याला खालून उचलणार नाही. तरीही हिंदकळण्याने वाजला तर काही सेकंदांचा विलंब देणारा रिले टाक. बिजागरीत तेल आणि केसांचा लगदा साचतो, तो धुऊन काढ. महिन्यातून एकदा बादलीने खरं पाणी ओतून तपास. बोटाने फ्लोट उचलल्यावर स्विच चालतो एवढंच कळतं, तो स्वतः तरंगतो का ते कळत नाही.

वायरचे जोड तपासताना पंप चालू ठेवून मल्टीमीटरने पंपाजवळ व्होल्टेज मोज. बॅटरीवर १२.६ आणि पंपावर ११ असेल तर वाटेत १.६ व्होल्ट हरवले. अशा सर्किटमध्ये तीन टक्के, म्हणजे ०.४ व्होल्टच्या आतच तूट चालते. वायर सोलून आतलं तांबं काळं दिसलं तर काळेपणा संपेपर्यंत मागे काप. नवे जोड उष्णतेने आकसणाऱ्या आणि आतून गोंद असलेल्या नळीचे कर आणि बिल्जच्या वर उंचावर बांध. फ्यूज पंपावर छापलाय तेवढाच.

इंजिनचा भोंगा. चावी फिरवल्यावर, तेलाचा दाब चढेपर्यंत तो वाजणं बरोबर आहे. चालताना वाजला तर इंजिन बंद कर आणि थर्मोस्टॅटच्या घरावर इन्फ्रारेड थर्मामीटरने तापमान घे. पॅनलचा काटा आणि भोंगा एकाच खराब जोडावर असू शकतात, म्हणून स्वतंत्र मोजमाप हवं. ते नेहमीसारखं आलं तर, इंजिन बंद ठेवून नुसती चावी लावून, तापमान सेन्सरची वायर काढ. त्याआधी तेलाच्या दाबाची वायर काढून ठेव, कारण बंद इंजिनात दाब नसतो आणि त्याने भोंगा वाजतच राहतो. आता भोंगा थांबला तर सेन्सर गेला. न थांबला तर वायर कुठेतरी घासून इंजिनाच्या लोखंडाला टेकली आहे, किंवा ड्राइव्हच्या तेलाच्या बाटलीतला फ्लोट ते सांगतोय. अनेक इंजिनांत ती बाटली याच भोंग्यावर असते. बाटलीतलं तेल कमी झालं असेल तर कुठे गेलं ते शोध, आणि दुधाळ दिसलं तर ड्राइव्हमध्ये पाणी शिरलंय.

कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म मी मुद्दाम शेवटी ठेवला, कारण त्याबद्दल मला सगळ्यात जास्त काळजी वाटते. चार बीप, थोडी विश्रांती, पुन्हा चार बीप: ही वायूची खूण. मिनिटाला एखादी चिवचिव म्हणजे बॅटरी संपली किंवा सेन्सरचं आयुष्य सरलं. मागे छापलेली तारीख बघ. चार बीप आल्या तर विचार करत बसायचं नाही: सगळे बाहेर मोकळ्या हवेत, इंजिन आणि जनरेटर बंद, मग दारं-खिडक्या. वास येत नाही म्हणून खोटा, असं म्हणू नकोस. या वायूला वासच नाही. अलार्म डोस मोजतो, म्हणजे वायू किती आणि किती वेळ: ४०० पीपीएमला (हवेच्या दहा लाख भागांत ४०० भाग) चार ते पंधरा मिनिटांत वाजतो, ७० पीपीएमला तासाभरानंतर ते चार तासांच्या आत. डोकेदुखी आणि मळमळ यांना लोक बोट लागली समजतात आणि खाली जाऊन आडवे होतात, जिथे वायू साचलेला असतो.

या अलार्मच्या खोट्या वाजण्यामागेही खरं कारण असतं. जास्त चार्ज होणाऱ्या लेड-अ‍ॅसिड बॅटरीतून निघणारा हायड्रोजन या सेन्सरला फसवतो. चार्जर १४.४ व्होल्टच्या आसपास थांबून पुढे साडेतेराच्या जवळ उतरायला हवा. १५ च्या वर जात असेल तर चार्जर दोषी. पण हायड्रोजनही केबिनमध्ये नको, म्हणून तो इशारा वाया गेलेला नाही. रेझिन आणि सॉल्व्हंटच्या वाफांनीही तो वाजतो. यातलं काही नसेल तर एक्झॉस्टचा प्रत्येक सांधा बघ. जिथे क्षाराची पांढरी रेघ किंवा काजळी दिसेल, जिथून पाण्याचा एक थेंबही येत असेल, तिथून वायूही येतो. आकडा दाखवणारं हातातलं मीटर घेऊन केबिन, मागच्या पडद्यांमधली जागा आणि इंजिनची खोली, तिन्ही जागी बोट धावताना मोज. मागे पडदे लावून सावकाश जाताना स्वतःचाच धूर मागून आत ओढला जातो. पुढची एक खिडकी उघडी ठेवली की हवा पुढून मागे वाहते.

एक विनंती: आठवडाभर वहीत लिहून ठेव, पंप किती वेळा चालला, किती सेकंद, इंजिन चालू होतं का आणि ड्राइव्ह वर होता की खाली. बाटलीतल्या पाण्याचं मीटरवरचं रीडिंगही टाक. ते पाठवलंस की बोट बाहेर काढायची की होज बदलून भागेल, ते सांगतो.

तुझा,
श्रीधर