पिल्लं आणायच्या आधी शेड गरम करा

संपादक साहेब, नमस्कार,

इंदूरजवळ राऊ, महूकडची बरीच पोरं आता ब्रॉयलर, म्हणजे मांसासाठीच्या कोंबड्या, पाळायचं म्हणतायत, चांगलंच आहे, पण जो तो आधी भाव विचारतो, पिल्लाला ऊब किती लागते हे कोणी विचारतच नाही. मी गेल्या जानेवारीत १०० पिल्लं आणली, रात्री लाईट गेली, मला झोप लागलेली, सकाळी बघतो तर सगळी एका कोपऱ्यात एकमेकांवर चढलेली आणि खालची २८ दबून मेलेली. अजून डोळ्यापुढून जात नाही ते.

पहिल्या आठवड्यात ३२ ते ३५ डिग्री हवंच, मग दर आठवड्याला दोन-तीन डिग्री कमी करत जायचं. पिल्लं स्वतःच सांगतात हो, बल्बखाली गोळा झाली की थंडी वाजतेय, लांब जाऊन चोच उघडून धापा टाकतायत म्हणजे गरम होतंय, सगळीकडे पसरून दाणे टिपतायत तर बरोबर. खाली दोन-तीन इंच कोरडा तूस टाका. लासोटा म्हणजे राणीखेत रोगाची लस पहिल्या आठवड्यात, गंबोरो रोगाची लस साधारण १४व्या दिवशी, हे चुकवू नका.

सहा आठवड्यांत पक्षी दोन किलोच्या वर जातो पण तोवर साडेतीन-चार किलो फीड खातो, खरा पैसा तिथेच जातो. झाबुआच्या कडकनाथला, म्हणजे तिथल्या काळ्या कोंबड्यांच्या जातीला, २०१८ मध्ये जीआय (त्या भागाची खास वस्तू असल्याचं सरकारी मानांकन) मिळाला म्हणून नवीन माणूस तिकडे धावतो, पण तो फार हळू वाढतो, पहिल्याच बॅचला नको.

महूला वेटरनरी कॉलेज आहे, आधी तिथे जाऊन विचारा. आणि तुमच्या पेपरात थंडीच्या आधी यावर एखादा लेख छापा ही विनंती.

आपला एक वाचक, इंदूर